उघड्या दाराची प्रयोगशाळा

अंबाजोगाई

चि. सुमेध,


धर्मापुरीत शेतकरी गटाच्या खोलीत तू प्रयोगशाळा सुरू करतोयस, हे दादाकडून कळलं. ट्रायकोडर्मा बुरशी आणि रायझोबियम जिवाणू तिथंच वाढवणार, शाळेतल्या पोरांना सूक्ष्मदर्शकाखाली माती दाखवणार. ऐकून फार आनंद झाला. तुरीवर मर आली, सोयाबीनची मुळं कुजली की दुकानदार देईल ती पुडी घेऊन येणारा माणूस आता गावातच चार प्रश्न विचारू शकेल.

माझी सगळी नोकरी सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत गेली. आमच्या दारावर प्रवेश बंदची पाटी असायची आणि आत येणारा प्रत्येक जण शिकून आलेला असायचा. तुझं दार सगळ्यांना उघडं राहणार. केदारेश्वराचं देऊळ बघायला आलेला पाहुणासुद्धा डोकावून जाईल. त्यामुळं तुझ्याकडची शिस्त आमच्यापेक्षा कडक हवी. गावातली छोटी खोली, इथं कशाला एवढे नियम, असं गटातलं कुणीतरी म्हणेलच. तेव्हा त्यांना मुल्कोवालची हकीगत सांग.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या अपुऱ्या जागेत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाची. त्यांच्या प्रयोगशाळेत बनलेली लस ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुल्कोवाल गावात १०७ जणांना टोचली गेली. त्यांतले १९ जण धनुर्वातानं मेले. एकोणीसच्या एकोणीस जणांना एकाच बाटलीतली लस दिली होती. बाटलीवर क्रमांक होता ५३-एन. चौकशीत ठपका मुंबईच्या प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिन यांना पदावरून दूर केलं गेलं. पण बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो ज्योतीत न धरता नुसता कार्बोलिकमध्ये बुडवून त्यानं पुन्हा वापरला, हेही त्याच चौकशीच्या कागदांत होतं. रोनाल्ड रॉस यांच्यासारखे शास्त्रज्ञ हाफकिन यांच्या बाजूनं उभे राहिले आणि १९०७ मध्ये ते निर्दोष ठरले. मधली पाच वर्षं मात्र त्यांना कुणी परत दिली नाहीत.

या प्रकरणाकडं मी दोन बाजूंनी बघते. चिमटा पडला ती जमीन तुझ्या खोलीतही आहे. तू मातीचे नमुने घेणार, आणि शेतातल्या, त्यातही शेणखताच्या मातीत धनुर्वाताचे बीजाणू असणारच. पडलेली वस्तू कितीही घाई असली तरी ऑटोक्लेव्हच्या दाबाच्या वाफेत निर्जंतुक केल्याशिवाय पुन्हा हातात घ्यायची नाही. आणि खोलीत काम करणाऱ्या प्रत्येकाचं धनुर्वाताचं इंजेक्शन झालेलं आहे का, हे आधी विचार. दुसरी बाजू नोंदीची. बाटलीवर क्रमांक होता म्हणून एकोणीस मृत्यू तिच्याशी जोडता आले, बाकीच्या बाटल्या त्यातून सुटल्या आणि खरं कारण शोधायला वाट राहिली. तुझ्या प्रत्येक पिशवीवर बॅच क्रमांक, तारीख आणि मदर कल्चर, म्हणजे मूळ वाण, कुठून आलं ते असलं पाहिजे. ऑटोक्लेव्ह किती वाजता किती दाबावर गेला, कधी बंद केला, हे वहीत त्याच वेळी, ज्यानं काम केलं त्याच्याच हातानं उतरलं पाहिजे. संध्याकाळी आठवून लिहिलेली नोंद मी नोंद मानत नाही. लेबल नसलेली पिशवी कितीही छान दिसली तरी ऑटोक्लेव्हमध्ये मारून फेकायची.

आता तुझ्या कामातला खरा धोका. शिजवलेल्या ज्वारीवर ट्रायकोडर्मा चढला की आधी पांढरा दिसतो, मग हिरवा. अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हसही हिरवटच, जरा पिवळ्याकडं झुकलेला. नवख्या डोळ्यांना दोन्ही सारखेच. ही दुसरी बुरशी अफ्लाटॉक्सिन तयार करते. १९७४ मध्ये राजस्थान-गुजरातच्या सीमेवर बांसवाडा आणि पंचमहाल भागात बुरशीचा मका खाऊन शंभराहून अधिक माणसं यकृत निकामी होऊन मेली, ती याच विषानं. तुझ्या पिशवीत ती शिरली तर शेतकरी त्या पिशवीतली पावडर बियाण्याला उघड्या हातानं चोळणार आणि त्याची धूळ नाकात ओढणार. म्हणून प्रत्येक बॅचमधला नमुना सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. दोघांची रचना तिथं स्पष्ट वेगळी दिसते. काही ट्रायकोडर्माला नारळासारखा वास येतो, म्हणून पिशवीला नाक लावून पारख करणारे लोक तुला भेटतील. ते पोरांसमोर तरी होऊ देऊ नकोस. चांगल्या बुरशीचे बीजाणूसुद्धा छातीला बरे नाहीत. वाळवताना आणि पावडर भरताना एन-९५ मास्क लागतोच, तोंडाला बांधलेला गमछा पुरत नाही. दमेकऱ्याला त्या कामावर बसवू नकोस. मदर कल्चर परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातून किंवा अंबाजोगाईच्या कृषी विज्ञान केंद्राच्या सल्ल्यानं घे. कुणाच्या शेतातून खरवडून आणलेली 'जोरदार' बुरशी नको.

ऑटोक्लेव्हबद्दल एक गोष्ट पुस्तकात ठळक नसते. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार फार. ते सेफ्टी व्हॉल्व्हमध्ये साचून तो अडकतो आणि दाब वाढला तरी उघडत नाही. डिस्टिल्ड पाणी वापर, ते नसेल तर स्वच्छ साठवलेलं पावसाचं, आणि व्हॉल्व्हची तपासणी वहीत तारखेसह लिही. मध्येच वीज गेली तर उरलेली मिनिटं पुढं मोजायची नाहीत. १२१ अंश आणि १५ पौंड दाब पुन्हा आल्यावर वेळ पहिल्यापासून धरायची. धान्याच्या पिशव्या ठासून भरल्या तर मधल्या पिशवीला उष्णता पोचत नाही. स्पिरिटचा दिवा आणि हात पुसायचं स्पिरिट एका टेबलावर ठेवू नकोस. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखालच्या खोलीत स्पिरिटची वाफ लवकर पेट घेते.

पोरं आली की त्यांना मोबाइल, नाणी, दाराची कडी यांवरचे जंतू वाढवून बघायचे असतात. जरूर बघू देत, पण प्लेट टेपनं बंद केल्यावर पुन्हा उघडायची नाही, आणि ती खोलीच्या तापमानावरच ठेवायची, कारण शरीराच्या तापमानावर माणसाला आजारी पाडणारे जंतू जास्त जोमानं वाढतात. थुंकी, रक्त, जखमेतला पू, विष्ठा यांतलं काहीही त्या खोलीत येता कामा नये. बघून झालेली प्लेट ऑटोक्लेव्हमध्ये मारूनच बाहेर काढायची. उकिरड्यावर गेली तर कुत्री आणि लहान पोरं ती फोडणार.

कायद्याबद्दल लोक तुला सांगतील, 'सेंद्रिय आहे, परवाना कशाला?' ऐकू नकोस. ट्रायकोडर्मा सेंद्रिय असला तरी कायद्याच्या लेखी कीटकनाशकच आहे. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली केंद्राच्या नोंदणी समितीकडं नोंदणी आणि राज्याचा परवाना असल्याशिवाय तो बनवून विकता येत नाही. त्यासाठी ग्रॅममागं किमान २० लाख जिवंत पेशी लागतात, आणि साल्मोनेला, शिगेला, व्हिब्रिओ अजिबात नसावे लागतात. रायझोबियमसारखी जैविक खतं २००६ पासून १९८५ च्या खत नियंत्रण आदेशाखाली येतात. तिथं पावडरीत ग्रॅममागं किमान पाच कोटी पेशींची अट आहे. हे आकडे कुणाला अडवायला ठेवलेले नाहीत. मेलेली पावडर घेऊन शेतकरी निर्धास्त पेरणी करतो आणि सगळा हंगाम हातचा जातो, ते टाळायला ते आहेत. म्हणून सुरुवातीला शिकणं, शिकवणं आणि गटातल्यांच्या स्वतःच्या शेतापुरतं करणं, एवढीच मर्यादा धर, आणि ती मर्यादा तालुका कृषी अधिकाऱ्याला लेखी कळव. शेजारच्या गावानं पैसे पुढं केले तरी परवान्याआधी एकही पाकीट बाहेर जाऊ देऊ नकोस.

आणखी एक मोह होईल. चमकणारे जिवाणू बनवायचे किट परदेशातून मागवता येतात. तो जनुकबदल आहे. पर्यावरण कायद्याखालच्या १९८९ च्या नियमांनुसार त्यासाठी संस्थेची जैवसुरक्षा समिती लागते, आणि जिल्ह्यात त्यावर देखरेख करणारी समिती जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली असते. गटाच्या खोलीला ते झेपणार नाही. २०१७ मध्ये जर्मनीतल्या बव्हेरिया राज्यात अशा घरगुती किटची तपासणी झाली, तेव्हा त्यात रोग पसरवू शकणारे जिवाणू सापडले होते. उलट, चांगलं उदाहरणही आहे. न्यू यॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये २०१० साली जेनस्पेस नावाची लोकांची प्रयोगशाळा उघडली. तिथल्या लोकांनी स्वतःहून सुरक्षेचे नियम बांधून घेतले आणि ते इतरांसाठी पुस्तकरूपानं खुले केले. पोलिस दारात येण्याची वाट त्यांनी बघितली नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

उद्घाटनाची तारीख धरण्याआधी गटाला एकदा बसव. सुरक्षेची जबाबदारी एका माणसाच्या नावानं ठरावात लिहा. तो तू नसावास. कुणाचंही काम, तुझंसुद्धा, थांबवायचा अधिकार त्याला असू दे. शाळेतल्या विज्ञानाच्या बाई तयार झाल्या तर उत्तम. तो ठराव झाल्याशिवाय ऑटोक्लेव्ह पेटवू नकोस.

तुझी,
आत्या