घरपट्टी आमच्या नावावर, सातबारा दुसऱ्याच्या

माझे वडील सांगोल्याकडून भोसरीच्या कारखान्यात कामाला आले आणि नव्वदच्या दशकात त्यांनी चऱ्होलीत दीड गुंठा जागा घेतली. तेव्हा इथे ग्रामपंचायत होती. गाव महापालिकेत आलं 1997 साली. आधी पत्र्याच्या दोन खोल्या, मग स्लॅब, मग वरचा मजला. ओव्हरटाइमचा पैसा न् पैसा या घरात गेला. पोरांवर भाडं भरायची वेळ येऊ नये, एवढंच त्यांचं म्हणणं होतं, आणि ते त्यांनी खरं करून दाखवलं.

अडचण कळली ती ते गेल्यावर. मुलीच्या शिक्षणासाठी घर तारण ठेवायचं ठरलं. बँकेने खरेदीखत, इंडेक्स टू आणि सातबारा मागितला. आमच्याकडे होता नोटरी केलेला एक स्टॅम्पपेपर. घड्यांवर विरलेला, खाली निळ्या शाईत विकणाऱ्याचा अंगठा. चतुःसीमा अशा: पूर्वेस ओढा, दक्षिणेस वहिवाटीचा रस्ता, पश्चिमेस व उत्तरेस विकणाऱ्याची उर्वरित जमीन. त्या उर्वरित जमिनीवर आज सोसायटी उभी आहे. सातबाऱ्यावर आमचं नाव कुठेच नाही. घरपट्टीच्या पावत्या आणि वीजबिलं आम्ही पुढे केली, पण त्यांनी राहणं सिद्ध होतं, मालकी नाही.

यात वडिलांना दोष देणं मला मान्य नाही. 1947 च्या तुकडेबंदी कायद्यामुळे गुंठ्या-दोन गुंठ्यांची खरेदी नोंदवणं अवघड होतं आणि कामगाराला परवडत होता तो गुंठाच. त्यामुळे या पट्ट्यात कितीतरी घरं अशीच नोटरीवर उभी राहिली. पण 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे शंभर रुपयांवरच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत दस्ताशिवाय पुरी होत नाही. नोटरी फक्त सह्या कुणी केल्या ते सांगते. मग आपल्या नावावर नसलेली जागा वडील आम्हाला देणार तरी कशी? मृत्युपत्र केलं असतं, तरी त्यातून हा हक्क आला नसता.

आता दस्त करायचा तर विकणाऱ्याच्या सगळ्या वारसांच्या सह्या हव्यात. ते गृहस्थ वारले. मुलगे इथेच आहेत, मुली जुन्नर-खेडकडे दिलेल्या. धाकटी म्हणाली, "दादा, व्यवहार झाला तेव्हा आम्हाला कुणी विचारलं होतं?" तिचं चुकत नाही. महाराष्ट्रात 1994 पासून आणि देशभर 2005 पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हिस्सा मुलाइतकाच आहे. दर वर्षी भाव चढतो, तशी सही महाग होत जाते.

आमच्या बाजूलाही तेच. हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता गेला, तर पत्नी, मुलगे, मुली यांच्याबरोबर त्याची आईही वारस असते. आमची आजी हयात आहे. वारसांची यादी करताना पहिल्यांदा तिचंच नाव राहून गेलं होतं.

आणि कागदाबरोबर जागाही बघा. मे 2025 मध्ये जवळच्या चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेतले 36 बंगले पाडले गेले. तिथेही लोकांनी पैसे मोजून प्लॉट घेतले होते. इसार देण्याआधी महापालिकेच्या नगररचना विभागात गट नंबर दाखवून पूररेषा आणि आरक्षण तपासून घ्या.

गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा 2001 चा आहे. 2021 च्या दुरुस्तीने त्याची मुदत 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या बांधकामांपर्यंत वाढली. या वाटेने जे सुटतं ते सोडवा, पण खरेदीचा दस्त वेगळा करावाच लागतो, हे धरून चला.

ज्यांच्या कपाटात असा स्टॅम्पपेपर आहे, त्यांना माझी कळकळीची विनंती: विकणारा हयात असेल तर याच महिन्यात त्याच्या घरी जा, त्याच्या मुला-मुलींसमोर बोला आणि वकील घेऊन दुय्यम निबंधक कार्यालय गाठा. जागा नावावर झाली की दोन साक्षीदारांसमोर मृत्युपत्र करा. त्याला मुद्रांक शुल्क लागत नाही.