परदेशी तबकड्या आणि घरचा दूरचित्रवाणी संच

परदेशस्थ आप्तेष्टांच्या भेटींत डीव्हीडीच्या तबकड्या येऊ लागल्यापासून, त्या घरच्या संचावर का दिसत नाहीत याचा उलगडा करण्याचे काम वारंवार माझ्याकडे आले. आणि तबकडीवर ओरखडा पडला असावा, हा जो तर्क बहुतेक मंडळी प्रथम करतात, तो बहुधा निराधार ठरतो, असे मी अनुभवाने म्हणू शकतो.

माझ्या भाचीने न्यूजर्सीहून पाठविलेल्या पुडक्यात एक इंग्रजी चित्रपट होता व दुसरी तबकडी तिच्याच विवाहसमारंभाची होती. पहिली घालताच, ती या प्लेअरवर चालणार नाही अशा अर्थाचा मजकूर पडद्यावर उमटला. दुसरी सुरू झाली खरी, परंतु वधूवरांसह सारा मांडव कृष्णधवल होऊन एकसारखा वर सरकू लागला. दुकानदाराने दोन्हींचे निदान एकच केले व नवा प्लेअर माझ्या गळ्यात घातला. त्याने चित्रपट चालू झाला, पण मांडवाप्रमाणे तोही सरकू लागला.

कारण हे दोन विकार मुळातच भिन्न आहेत. पहिला निव्वळ व्यापारी बंदोबस्त आहे. चित्रपटसंस्थांनी पृथ्वीची सहा इलाख्यांत वाटणी केली असून अमेरिका व कॅनडा पहिल्यात, पश्चिम युरोप व जपान दुसऱ्यात आणि भारत रशियासह पाचव्यात मोडतो. (विमाने व जहाजे यांच्याकरिता आठवा इलाखाही राखून ठेवला आहे, ही दूरदृष्टी कौतुकास्पदच म्हटली पाहिजे!) वेष्टनावरील पृथ्वीगोलाच्या चित्रात हा अंक छापलेला असतो; तो प्लेअरच्या अंकाशी न जुळल्यास तबकडीला मज्जाव होतो. घरगुती चित्रणावर असा निर्बंध नसतो, म्हणून भाचीची तबकडी निदान सुरू तरी झाली. सर्व इलाख्यांचा प्लेअर घेणे हा यावरील सरळ इलाज होय. संगणकावर प्रयोग करणाऱ्यांनी मात्र जपावे. तेथील ड्राइव्हचा इलाखा साधारणतः पाचच वेळा बदलण्याची मुभा असते, आणि पाचव्या खेपेस जो अंक पडतो तो कायमचा राहतो.

दुसरा विकार चित्रसंकेताचा. अमेरिकेची एनटीएससी पद्धती ५२५ रेषांची असून तीत सेकंदाला सुमारे ३० चित्रे असतात. जर्मनीत वॉल्टर ब्रुख यांनी विकसित केलेली आणि रंगीत प्रक्षेपणासाठी १९८२ साली आपल्याकडे अवलंबिलेली पॅल पद्धती ६२५ रेषा व २५ चित्रे यांची आहे. जुन्या काचेच्या संचाला परकी गती न पेलल्याने चित्र सरकते, आणि रंगाचा संकेत वेगळ्या कंप्रतेवर असल्याने तो न ओळखला जाऊन रंग लोपतात. अशा वेळी प्लेअरच्या सेटअपमध्ये जाऊन ‘टीव्ही सिस्टिम’ या सदराखाली ‘ऑटो’ऐवजी ‘पॅल’ निवडावे. रूपांतराची सोय असलेला प्लेअर मग आपणच भाषांतर करून देतो. माझ्या नव्या प्लेअरमध्ये ही सोय प्रथमपासूनच होती, फक्त विक्रेत्याला तिची वार्ता नव्हती. चुकून उलट निवड झाल्यास पडद्यावरील अक्षरेही वाचता येत नाहीत, यास्तव कोणती बटणे कोणत्या क्रमाने दाबली ते आधी कागदावर टिपून ठेवावे.

विलायती तबकड्या पॅलच्या असल्याने हा दुसरा उपद्रव देत नाहीत. पण सेकंदाला २४ चित्रांचा चित्रपट २५ च्या गतीने धावविल्यामुळे दोन तासांचा खेळ सुमारे ११५ मिनिटांत आटोपतो व गायकाची पट्टी अर्धस्वराहून किंचित कमी इतकी चढते. सुरांचा कान असलेल्या माझ्या एका स्नेह्याला तेवढ्यानेही अस्वस्थ वाटे.

तबकड्यांसोबत अमेरिकेहून प्लेअरच मागविण्याची तजवीज काही जण करतात. तो पुष्कळदा फक्त १२० व्होल्टांसाठी बनविलेला असतो आणि आपल्या २३० व्होल्टांवर लावताच जळू शकतो. शिवाय पॅलच्या तबकड्या तो बहुधा वाचत नाही. मागील पट्टीवर ‘१००–२४०’ असे छापलेले असेल तरच त्याची पिन आपल्या सॉकेटात घालावी.