गॅस आला तरी चूल मोडत नाही : जुना कॉम्प्युटर कसा राखायचा?



आपल्या केळझरात घरोघरी गॅस आला. पण किती जणींनी चूल मोडून टाकली? सिलिंडर संपलं की परसातली चूलच कामी येते. मात्र ती सारवलेली पाहिजे, सरपण कोरडं पाहिजे. नुसती पडून राहिलेली चूल ऐन वेळी धूरच करते. ऑफिसातल्या जुन्या कॉम्प्युटरचंही तसंच आहे. या वेळचा आपला पाठ त्यावरच.

एका ताईचे चार हजार

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. एका गटाचा बँक कर्जाचा प्रस्ताव तयार होत होता. नव्या लॅपटॉपमध्ये एका ताईच्या नावावर ४,००० रुपये थकीत दिसले. ताई म्हणाल्या, "पोरी, तीन साल झाले, म्या सारे पैसे भरले." पण त्यांचं पासबुक घर गळलं तेव्हा भिजून गेलं होतं आणि गटाचं त्या वर्षीचं रजिस्टर सापडेना. बैठकीत सगळ्या गप्प झाल्या. कोणी काही बोललं नाही, तेच ताईंना जास्त लागलं. चार हजारांपेक्षा नाव मोठं असतं.

मग कोपऱ्यात फडकं टाकून ठेवलेला जुना कॉम्प्युटर लावला. दोनदा सुरूच झाला नाही, तिसऱ्यांदा झाला. त्यात ताईंची परतफेड तारखेसकट नोंदलेली होती! जुन्यातून नव्यात हिशेब उतरवताना एक ओळ माझ्याच हातून सुटली होती. पुढच्या बैठकीत मी सगळ्यांसमोर ताईंची माफी मागितली. तो कॉम्प्युटर उन्हाळ्यातच भंगारात द्यायला निघालो होतो, आणि 'द्या' म्हणणारीही मीच होते.

मग जुनाच वापरत राहायचा का? नाही.

कॉम्प्युटर ज्या मूळ प्रणालीवर चालतो, तिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ती विंडोज असते. तिच्यात चोराला शिरता येईल अशा फटी सापडत राहतात आणि कंपनी त्या बुजवत राहते. त्यालाच आपण 'अपडेट' म्हणतो. पण प्रत्येक आवृत्तीसाठी हे काम कधीतरी थांबतं. विंडोज एक्सपीचं ८ एप्रिल २०१४ ला थांबलं, विंडोज सेव्हनचं १४ जानेवारी २०२० ला आणि विंडोज टेनचं नेहमीचं मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला. त्यानंतर मशीन बंद पडत नाही, चालतंच. पण नवी फट सापडली तर ती बुजवायला कोणी येत नाही.

मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाचा व्हायरस जगभर पसरला. फायली कुलूपबंद करून तो पैसे मागायचा. ती फट बुजवणारं अपडेट मार्चमध्येच आलं होतं. ज्यांनी ते बसवलं नव्हतं, ते सापडले. ब्रिटनमध्ये सरकारी दवाखान्यांचं कामही अडलं.

पुढच्याच महिन्यात, २७ जूनला, 'नॉटपेट्या' आला. आपल्या महाराष्ट्रातल्या न्हावाशेवा बंदरातल्या एका टर्मिनलचं काम त्यामुळे ठप्प झालं. ते टर्मिनल मर्स्क या जहाज कंपनीच्या समूहाचं. कंपनीचे जगभरातले मुख्य सर्व्हर पुसले गेले. वाचला फक्त एक, आफ्रिकेतल्या घाना देशातला. का? तर तिथे नेमकी लाईट गेली होती आणि तो सर्व्हर जाळ्यातून तुटलेला होता! त्याच्यावरूनच पुढे सगळं उभं केलं. लाईट गेली म्हणून आपण किती चिडतो, पण तिथे तिनेच कंपनी वाचवली.

यातून धडा एवढाच : राखीव मशीन जाळ्याबाहेर असेल, तरच ते राखीव.

जुना कॉम्प्युटर राखायचे सात नियम

१. इंटरनेट बंद. वायर काढा, वायफाय आणि मोबाईलचं हॉटस्पॉट जोडू नका. बँक, आधार, ओटीपीचं कोणतंही काम त्यावर नाही.

२. वर चिठ्ठी लावा. 'फक्त जुने हिशेब पाहण्यासाठी. इंटरनेट जोडू नये.' नवीन आलेल्या मुलीलाही कळलं पाहिजे.

३. महिन्यातून एकदा सुरू करा. मासिक बैठकीच्या दिवशी अर्धा तास चालवा. एखादी जुनी फाईल उघडून पाहा. मशीन सुरू झालं म्हणजे फाईल उघडेलच असं नाही.

४. तारीख तपासा. आम्ही ताईंच्या नोंदीचा प्रिंट काढला, तर खाली २००९ साल छापून आलं. आतला बटणासारखा छोटा सेल संपला की घड्याळ मागे जातं. सेल स्वस्त असतो, तो बदलून घ्या.

५. ओल, धूळ, उंदीर. मशीन जमिनीवर नको, टेबलावर ठेवा. पावसाळ्यात विजा कडाडत असतील तर प्लग काढून ठेवा.

६. पेन ड्राईव्ह जपून. व्हायरस त्यातूनही येतो. जुन्या मशीनसाठी एक वेगळा पेन ड्राईव्ह ठेवा. फोटो, गाणी त्यात नकोत. दुसरीकडे लावायच्या आधी आणि नंतर नव्या लॅपटॉपवर तपासून घ्या.

७. जुने फॉन्ट. पूर्वीचं मराठी टायपिंग युनिकोडमध्ये नव्हतं. ते ठराव आणि इतिवृत्तं नव्या लॅपटॉपवर उघडली की अक्षरांऐवजी भलतीच चिन्हं दिसतात. म्हणून जुन्या मशीनवरच त्यांचे प्रिंट काढा, जमलं तर पीडीएफ करून घ्या. मशीन चालतंय तोवरच हे काम होईल.

एकच राखीव म्हणजे राखीव नाही

आपण बियाणं सगळं एकाच कोठीत ठेवत नाही. एकीला कीड लागली तर दुसरी असते. हिशेबाच्याही तीन प्रती हव्यात : एक रोजच्या लॅपटॉपमध्ये, दुसरी वेगळ्या हार्ड डिस्कवर किंवा पेन ड्राईव्हवर, आणि एक ऑफिसच्या बाहेर, पदाधिकारी ताईंकडे कुलपात. ऑफिसात पाणी शिरलं तरी ती वाचते. जुना कॉम्प्युटर या तिन्हींच्या जोडीला आहे, त्यांच्या जागी नाही. त्याचंही वय झालंय, कधीतरी तो सुरू होणारच नाही.

आणि हाताने लिहिलेलं रजिस्टर? त्याला ना लाईट लागते, ना अपडेट. ते सोडू नका. प्रत्येक बैठकीत सह्या झाल्या पाहिजेत.

शेवटी निरोप देताना

मशीन साफ बंद पडलं, तर भंगारवाल्याला तसंच देऊ नका. फाईल 'डिलीट' केली तरी ती परत काढता येते, आणि त्यात आपल्या मैत्रिणींचे आधार क्रमांक, खाते क्रमांक असतात. आधी हार्ड डिस्क काढून घ्या. बाकीचं मशीन नोंदणीकृत ई-कचरा केंद्राकडे द्या. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत.

पुढच्या बैठकीत करायचं काम

- ऑफिसातलं जुनं मशीन सुरू होतं का, ते सगळ्यांसमोर पाहा.
- कोणत्याही एका ताईचं तीन वर्षांपूर्वीचं कर्ज खातं काढून दाखवा. किती वेळ लागला, ते इतिवृत्तात लिहा.
- मशीनची जबाबदारी दोघींवर द्या. एक लिपिका, आणि दुसरी अशी ताई जिने कॉम्प्युटरला कधी हात लावलेला नाही.

आमच्याकडे ही दुसरी जबाबदारी त्याच चार हजारवाल्या ताईंनी मागून घेतली. आता दर महिन्याला त्या स्वतः बटण दाबतात आणि तारीख वाचून दाखवतात.