पर्सनल ट्रेनरचा पैसा वसूल होतो का?

आपल्या वस्त्यांतली मुलं-मुली आता जिममध्ये जाऊ लागली आहेत, ही चांगली गोष्ट आहे. पण जिमची फी भरून झाली की लगेच दुसरा प्रश्न येतो : पर्सनल ट्रेनर लावायचा का? त्याचे पैसे वेगळे. मुलगा घरी येऊन मागणी करतो, आई-वडील विचारात पडतात. सातपूर-अंबडच्या कारखान्यात कंत्राटावर राबणाऱ्या घरात दर महिन्याला चार-पाच हजार बाजूला काढणं सोपं नसतं. म्हणून या वेळी आपण हाच हिशोब नीट मांडून पाहू.

ट्रेनर नेमकं काय विकतो?

ट्रेनरकडून आपण तीन गोष्टी घेतो. पहिली, व्यायाम बरोबर कसा करायचा ही शिकवण. दुसरी, आज काय, उद्या काय, वजन कधी वाढवायचं याचा आराखडा. तिसरी, "आज का आला नाहीस?" असं विचारणारा माणूस.

पहिल्या दोन गोष्टी थोड्या दिवसांत शिकून होतात. बैठक मारताना पाठ कशी ठेवायची, हे एकदा अंगवळणी पडलं की पुन्हा पुन्हा विकत घ्यावं लागत नाही. दर महिन्याला पैसे जातात ते मुख्यतः तिसऱ्या गोष्टीसाठी, म्हणजे आठवण करून देण्यासाठी.

ही काही आजची गोष्ट नाही. संयुत्त निकायात दोणपाक सुत्त आहे. कोसलचा राजा पसेनदी द्रोणभर भात खायचा. एकदा तो असाच जेवून, धापा टाकत भगवान बुद्धांकडे आला. जेवणात प्रमाण राखणाऱ्याचा त्रास कमी होतो आणि म्हातारपण सावकाश येतं, अशा अर्थाची एक गाथा भगवंतांनी त्याला सांगितली. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला ती पाठ करायला लावली आणि रोज जेवणाच्या वेळी म्हणून दाखवण्यासाठी रोजचे शंभर कहापण देऊ केले. हळूहळू राजाचा आहार नाळीभर भातावर आला आणि अंग हलकं झालं.

यात पाहण्यासारखं असं, की उपदेश राजाला फुकट मिळाला होता. पैसे मोजले ते योग्य वेळी आठवण करून देणाऱ्याला, आणि त्याचा उपयोगही झाला. म्हणजे आठवण करून देणारा माणूस लागतो, हे खरंच आहे. पण राजाकडे खजिना होता. आपल्याकडे वस्ती आहे, शेजार आहे, विहार आहे. आठवण करून देणारा माणूस आपल्याला बिनपैशाने मिळू शकतो.

ट्रेनर कधी लावावा?

काही वेळा पैसे खर्च करणं योग्य ठरतं. सगळ्यात मोठं उदाहरण पोलीस भरतीचं. अलीकडच्या शिपाई भरतीत मैदानी चाचणी ५० गुणांची आहे. मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावण्याचे २० गुण, १०० मीटरचे १५ आणि गोळाफेकीचे १५. इथे काही सेकंदांवर आणि इंचांवर गुण ठरतात. गोळा फेकताना पाय कुठे पडतो, शंभर मीटरला सुरुवात कशी होते, हे स्वतःचं स्वतःला दिसत नाही; बघणारा जाणकार डोळा लागतो. आपल्या जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्यपदकापर्यंत पोहोचली, त्यात तिच्या कष्टाबरोबर नाशिकमधल्या प्रशिक्षणाचाही वाटा होता. मात्र भरतीसाठी मैदानावरचा प्रशिक्षक हवा, आरशासमोर दंड फुगवायला लावणारा नको. तोही एकट्यासाठी लावण्यापेक्षा पाच-सहा जणांनी मिळून लावावा.

दुसरं कारण आजारपणाचं. गुडघा, कंबर दुखावली असेल, शस्त्रक्रिया झाली असेल, तर जिममधल्या ट्रेनरकडे जाऊ नका. आधी डॉक्टर, मग फिजिओथेरपिस्ट.

तिसरं, अगदी नवशिके असाल आणि वजनं उचलायची असतील, तर सुरुवातीचे पाच-सहा दिवस शिकून घ्यावेत. तेवढेच.

पैशाचा हिशोब

समजा, ट्रेनरचे महिन्याला ४,००० रुपये. वर्षाचे झाले ४८,०००. त्याऐवजी ४०० रुपयांप्रमाणे सहा वेळा शिकून घेतलं तर २,४०० रुपये. तीन महिन्यांनी चूक तपासायला आणखी दोन वेळा गेलात, ८०० रुपये. एकूण ३,२००. हे आकडे उदाहरणाचे आहेत. तुमच्या भागातले खरे आकडे घालून पाहा. वाचलेल्या पैशातून घरात सगळ्यांसाठी अंडी, डाळ, सोयाबीन वड्या येतील. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिनं असतात, ५० ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्यांत साधारण २५. महागड्या डब्याआधी या घरच्या गोष्टी पोटात जाऊ द्या.

पैसे देण्याआधी काय विचारावं?

प्रशिक्षण कुठे घेतलं, प्रमाणपत्र आहे का, हे विचारा. दंड मोठे आहेत म्हणून शिकवता येतंच असं नाही. त्याने तुम्हाला काय विचारलं, याकडेही लक्ष द्या. बीपी, साखर, जुनी दुखापत आणि तुमचं काम, हे न विचारता व्यायाम सांगणारा ट्रेनर कामाचा नाही. मार्केट यार्डात दिवसभर पोती उचलणाऱ्याला एक व्यायाम लागतो, मशीनसमोर आठ तास उभ्या राहणाऱ्या ताईला दुसरा, खुर्चीवर बसून असणाऱ्याला तिसरा.

आणि ट्रेनरने पावडर, गोळ्या किंवा इंजेक्शन विकायला काढलं, तर त्याच दिवशी रामराम करा. स्टेरॉइडने यकृत आणि हृदय बिघडतं, पुरुषांत वंध्यत्व येऊ शकतं. मेफेन्टरमाईन हे इंजेक्शन शस्त्रक्रियेच्या वेळी घसरलेला रक्तदाब वाढवण्यासाठी असतं. जोर यावा म्हणून जिममध्ये ते टोचून घेणं म्हणजे जिवाशी खेळ.

वस्तीतच काय करता येईल?

मोठ्या माणसांनी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम करावा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे पाच दिवस अर्धा तास भरभर चालणं. चालताना बोलता यावं, पण गाता येऊ नये, एवढा वेग ठेवा. चालायला गोल्फ क्लबचं मैदान आहे, त्रिरश्मी लेण्यांच्या पायऱ्या आहेत. जवळची गल्लीही चालेल.

ताकदीसाठी चार प्रकार पुरे : खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला हात लावून जोर, एक पायरी चढणं-उतरणं, आणि गुडघ्यात वाकून पाण्याची कळशी उचलणं. प्रत्येकी दहा वेळा, थोडं थांबून पुन्हा दहा वेळा. सहज जमू लागलं की संख्या वाढवा. दोन कसरतींच्या दिवसांमध्ये एक दिवस मोकळा ठेवा.

आता आठवणीची सोय. चार-पाच घरांचा गट करा. वेळ ठरवा, बायकांना स्वयंपाक-डबे आटोपून जमेल अशी वेळ असेल, तरच गट टिकेल. विहाराच्या ओसरीवर एक वही ठेवा. आलेल्याने तारखेपुढे सही करायची. दोन दिवस सही दिसली नाही, तर शेजारणीने दार वाजवायचं. महिन्यातून एकदा आशाताईंना विचारून सगळ्यांनी बीपी तपासून घ्यावं.

बीपी, मधुमेह, हृदयविकार असणाऱ्यांनी आणि गरोदर भगिनींनी सुरुवातीआधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपाशीपोटी व्यायाम नको. छातीत दुखलं, चक्कर आली, एकाएकी दम लागला तर तिथेच थांबा आणि दवाखाना गाठा.

तेव्हा आमचं म्हणणं एवढंच : शिकण्यासाठी पैसे द्या, भरतीच्या तयारीसाठी गटाने द्या, पण नुसत्या आठवणीसाठी दर महिन्याला घरखर्चाला कात्री लावू नका. आधी दोन महिने वही चालवून पाहा. त्यानंतरही ट्रेनरची गरज वाटली, तर त्याच्याकडून काय शिकायचं आहे हे तुम्हाला नेमकं ठाऊक असेल.