ठोसा चुकवायचा कसा?

जेएलटीच्या तळ्याकाठी फिरताना समोरून कोणी धावत आलं, की तुम्ही काय करता? खांदा जरासा वळवता आणि वाट देता. बॉक्सिंगमध्ये ठोसाही असाच चुकवतात.

आधी पवित्रा घ्या. डावा पाय पुढे, गुडघे सैल, हनुवटी खाली, दोन्ही हात गालांजवळ. (डावखुरे असाल तर उजवा पाय पुढे.) आता पायांचा नियम: ज्या बाजूला जायचं, त्या बाजूचा पाय आधी हलवा. पायांची कात्री झाली की तोल गेलाच म्हणून समजा!

नुसती मान हलवू नका. कंबर आणि खांदे वळवा, डोकं आपोआप बाजूला जाईल. मुठीएवढं सरकलं तरी पुरे. सरावासाठी खांद्याच्या उंचीवर दोरी बांधा आणि गुडघे वाकवून तिच्याखालून ये-जा करा. डोळे मात्र उघडे हवेत. मी सुरुवातीला मिटायचो आणि हमखास नाकावर खायचो.

मुहम्मद अलीने (तेव्हाचं नाव कॅशियस क्ले) १९६४ मध्ये, २२ व्या वर्षी, सनी लिस्टनला हरवलं. त्याचे पाय फार चपळ होते. पुढे ते मंदावले आणि डोक्यावर खूप ठोसे बसले. म्हणून सरावात डोक्यावर जोरात मारू नका. गरगरलं तर लगेच थांबा आणि सरांना सांगा. ‘काही नाही झालं’ म्हणू नका.

शब्द
पवित्रा: लढायला उभं राहण्याची पद्धत
पदलालित्य: पायांची चपळ, सुंदर हालचाल

प्रश्न
१. उजवीकडे जाताना कोणता पाय आधी हलवाल?
२. बातमीत ‘आक्रमक पवित्रा घेतला’ असं लिहितात. त्याचा अर्थ काय असेल?