मुलाला आइस हॉकीत करिअर करायचंय?

कॅनडात वाढणाऱ्या मुलाने 'मला एनएचएलमध्येच खेळायचंय' असं जाहीर केलं, की आईवडिलांच्या पोटात गोळा येणारच. सिडनी क्रॉस्बीसारखा तारा लाखात एक, बाकीच्यांचं काय? बाकीच्यांमधलेही बरेच जण या खेळावर घर चालवतात. कसं, ते आधी समजून घ्या.

रिजायनाच्या माइक सिलिंजरला १९८९ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, डेट्रॉइट रेड विंग्जने अकराव्या क्रमांकावर निवडलं. २००९ पर्यंत तो १,०४९ सामने खेळला, तेही १२ संघांकडून. एनएचएलमधला हा विक्रम आहे. नऊ वेळा त्याला एका संघाने दुसऱ्याच्या हवाली केलं. करार खेळाडूचा असला तरी तो कुठल्या गावी पाळायचा, हे संघच ठरवतो. 'बदली नको' अशी अट घालून घेणं बड्यांनाच जमतं. बाकीच्यांनी निरोप आला की बॅग भरायची. जोडीदाराची नोकरी, मुलांची शाळा मागाहून. बँकेच्या किंवा पोलिसांच्या बदल्यांत ज्यांचं बालपण गेलं, त्यांना ही ओढाताण वेगळी सांगायला नको.

मग असा खेळाडू टिकतो कशावर? मिसिसॉगाच्या मॅनी मल्होत्राचं उदाहरण मी आवर्जून देतो. वडील भारतीय वंशाचे. १९९८ मध्ये न्यूयॉर्क रेंजर्सने त्याला सातव्या क्रमांकावर घेतलं, पण गोलांचा पाऊस काही पडला नाही: ९९१ सामन्यांत ११६. तरीही तो सात संघांकडून खेळला, कारण फेसऑफमध्ये त्याचा हात धरणारे थोडे होते. पंच दोन्ही संघांच्या एकेका खेळाडूच्या मधे पक, म्हणजे रबरी चकती, टाकतो. नजर पंचाच्या हातावर, अंग पुढे झुकलेलं. पक बर्फाला टेकतो न टेकतो तोच स्टिकने मागे, आपल्या माणसाकडे ओढायचा. शेवटच्या मिनिटाला एका गोलची आघाडी राखायची असली, की प्रशिक्षकाला असाच खेळाडू हवा असतो.

मार्च २०११ मध्ये पक त्याच्या डाव्या डोळ्यावर बसला आणि बरीचशी दृष्टी गेली. जूनमध्ये तो स्टॅनली कपच्या अंतिम लढतीत उतरला! २०१३ मध्ये शार्लटच्या संघाकडून खालच्या एएचएलमध्ये खेळून तो पुन्हा वर आला. पुढे प्रशिक्षक झाला. २०२५ मध्ये त्याच्या ॲबट्सफर्ड संघाने एएचएलचा कॅल्डर कप जिंकला.

आता पैसा. २०२५-२६ च्या हंगामात एनएचएलचा किमान पगार ७,७५,००० डॉलर होता. पण अनेक करारांत दोन आकडे असतात: वर खेळलात तर एक, एएचएलला पाठवलं तर दुसरा, बराच लहान. घराचा हप्ता नेहमी लहान आकड्यावर बेता. त्याखाली ईसीएचएल आहे, जर्मनी, स्वीडन, ब्रिटनमधल्या लीग आहेत.

शिक्षण सोडायची गरज नाही. पश्चिम कॅनडाच्या डब्ल्यूएचएलमध्ये खेळलेल्या प्रत्येक हंगामामागे एका वर्षाची शिष्यवृत्ती मिळते. तिच्या अटी सही करण्याआधी वाचा. पूर्वी डब्ल्यूएचएलसारखी कॅनडाची मेजर ज्युनियर लीग खेळलं, की अमेरिकन कॉलेज हॉकीचं दार बंद व्हायचं. ऑगस्ट २०२५ पासून ते उघडलंय, त्यामुळे सोळाव्या वर्षीच कायमचा निर्णय घ्यायची सक्ती राहिलेली नाही.

प्रशिक्षकाला भेटाल तेव्हा गोल मोजत बसू नका. संघाचा एक गडी पेनल्टी बॉक्समध्ये असताना तुम्ही आमच्या मुलाला बर्फावर पाठवता का, आणि पाठवत नसाल तर त्याने काय शिकायला हवं, हे विचारा.