तंगूस घेताना मिठाचं पाणी जवळ ठेवा

मासेमारीचा फ्लोरोकार्बन तंगूस म्हणून दुप्पट पैसे घेऊन माझ्या गळ्यात जे मारलं, ते साधं नायलॉन होतं.

सिंभोऱ्याला, अप्पर वर्ध्याच्या धरणावर, चांगला रोहू लागला होता. रीळ करकरलं, माशाने एकदा पोट दाखवलं आणि दोरी हलकी झाली. बडनेऱ्याला परतल्यावर दुकान गाठलं, तर उत्तर तयार. "गाठ सुटली तुमची भाऊ, तंगूसाले काहून नाव ठेवता?" तेही चार गिऱ्हाइकांपुढे! अहो, गाठ सरकून सुटली की टोक डुकराच्या शेपटीसारखं वळतं. माझं टोक सरळ तुटलेलं होतं. ते काउंटरवर ठेवलं, तर साहेबांनी मोबाइल उचलला. नजर वर गेली तेव्हा कळलं : पश्चिमेच्या काचेत, भर उन्हात रिळं टांगलेली. उन्हाने नायलॉन कमजोर होतं, आणि वऱ्हाडातलं ऊन काय असतं ते सांगायला नको.

मग ते मुळात फ्लोरोकार्बन तरी आहे का, हे बघायला घरी ग्लासभर पाण्यात विरघळेल तेवढं मीठ ढवळलं आणि तंगूसाचा तुकडा बोटाने चोळून, बुडबुडे काढून तळाशी सोडला. तो सरळ वर आला. फ्लोरोकार्बन नायलॉनपेक्षा बरंच जड, ते अशा पाण्यातही बुडतं. साध्या पाण्यात दोन्ही बुडतात, म्हणून मीठ हवंच.

खरं तर आपल्याकडे फ्लोरोकार्बनची गरजही कमीच. ते पाण्यात कमी दिसतं, एवढ्यासाठी महाग. पावसाळ्यातल्या गढूळ पाण्यात माशाला दिसणार काय? कणकेच्या गोळ्यावर रोहू-कटला धरायचा तर ०.३० ते ०.३५ मिलिमीटरचं ताजं नायलॉन पुरे. ते ताणतं, म्हणून माशाचा झटका सोसतं. बेशरमीच्या झुडपांतून मरळ ओढायची असेल तर मात्र वेणीची दोरी, म्हणजे ब्रेड. ती ताणत नाही, बारीक असून दमदार असते, पण काळ्या दगडावर घासली की कापली जाते. म्हणून पुढे हातभर नायलॉन जोडा. रिळावर खाली थोडं नायलॉन गुंडाळलं नाही तर ब्रेड जागच्या जागी फिरते. हाताला गुंडाळून ओढू नका, बोट कापतं. ब्रेडला पालोमार गाठ मारा. गाठ कुठलीही असो, थुंकी लावूनच आवळा.

वेष्टनावर छापलेल्या ताकदीच्या पाउंडांवर जाऊ नका, जाडी बघा. ०.२० मिलिमीटरच्या नायलॉनवर तीस पाउंड छापलं असेल तर ते खोटं आहे. धरणावर जाण्याआधी मासेमारीच्या ठेकेदाराला विचारा आणि तुटलेला तंगूस काठावर टाकू नका, बगळ्यांच्या पायात अडकतो.

आणि पक्कं बिल घ्या, त्यावर मालाचं नाव लिहून घ्या. मी मागितलं होतं. "एवढ्याशा दोऱ्याचं कायचं बिल?" म्हणाले. असं म्हणणाऱ्याकडून काही घेऊ नका.